कंपनी गेली, गाडी राहिली

रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी गाडीने हेडलाइटचा झोत क्षणभर टाकला, की बहुतेकांच्या मनात पहिली शंका येते ती पुढच्या वळणावर पोलीस उभे असल्याची. फियाट पुंटो चालवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र या खुणेचा दुसराही अर्थ असू शकतो. समोरची गाडी पुंटोच असते आणि तो झोत म्हणजे निव्वळ रामराम असतो. एकाच बनावटीची गाडी बाळगणाऱ्या, एकमेकांचे नावही माहीत नसलेल्या दोन माणसांमधला हा नमस्कार मारुती किंवा ह्युंदाईच्या मालकांमध्ये सहसा दिसणार नाही. तेवढ्या गाड्यांना झोत टाकत बसायचे, तर दिवा बंद करण्याची वेळच यायची नाही.

फियाटच्या प्रवासी गाड्यांची भारतातील विक्री २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ च्या सुरुवातीस गुंडाळली गेली. त्यानंतरही पुंटो, लिनिया आणि काही प्रमाणात जुन्या पॅलिओ रस्त्यावर राहिल्या. या गाड्यांच्या मालकांचे समूह मुंबई, पुणे, बंगळुरू, कोची, दिल्ली अशा अनेक शहरांत आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला रविवारच्या सकाळी सहलीला निघालेली ती हौशी मंडळी वाटते. प्रत्यक्षात या समूहांचे मुख्य काम हौसेपेक्षा गरजेचे आहे. ज्या गाडीची शोरूम उरली नाही ती गाडी चालती ठेवायची कशी, या प्रश्नाचे उत्तर तेथे सामुदायिकपणे शोधले जाते.

समजा, कोथरूडमधल्या एखाद्या तरुण अभियंत्याने दहा वर्षे जुनी डिझेल पुंटो विकत घेतली. किंमत त्याच वयाच्या स्विफ्टपेक्षा बरीच कमी. घरच्यांनी विरोध केला, शेजाऱ्यांनी ‘आता याचे पार्ट कोठे मिळणार’ असे विचारले आणि नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून मान हलवली. अशा वेळी त्याला पहिला आधार मिळतो तो त्याच्यासारख्याच इतर मालकांचा. तो त्यांच्यात कसा सामावतो, त्याला तेथे काय मिळते आणि कोठे सावध राहावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण पुंटोची आजची अवस्था उद्या कोणत्याही गाडीची होऊ शकते. शेव्हरोलेने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्या मालकांचाही प्रवास याच वाटेने चालू आहे.

कुर्ला ते रांजणगाव

फियाट आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या बनवल्या. पन्नाशीच्या दशकात फियाट ११००, साठीच्या दशकात तिचीच सुधारित आवृत्ती आणि पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अर्धशतकाहून अधिक काळ धावली. गंमत म्हणजे नाव ‘पद्मिनी’ झाल्यानंतरही जुनी मंडळी तिला ‘फियाट’च म्हणत राहिली. आजही साठीच्या पुढच्या पुणेकराला ‘आमची फियाट होती’ असे म्हणताना पद्मिनीच अभिप्रेत असते.

नव्या फियाटची कथा इतकी सुखाची नाही. १९९६ मध्ये प्रीमियरबरोबर युनो ही छोटी गाडी आली, तेव्हा नोंदणीसाठी झुंबड उडाली. परंतु कुर्ल्याच्या कारखान्यात कामगारांचा वाद पेटला आणि नोंदणीच्या मानाने गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्याच नाहीत. पुढे सूत्रे फियाटने स्वतःकडे घेतली. २००१ मध्ये पॅलिओ आली, तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता आणि गाडीही दणकट होती. १.६ लिटर इंजिनाची पॅलिओ तर त्या काळच्या छोट्या गाड्यांत वेगासाठी नावाजली गेली. सुरुवात धडाक्यात झाली. पण इंधन जास्त लागते ही ख्याती आणि विक्रीपश्चात सेवेबद्दलची नाराजी या दोन गोष्टींनी गाडीचा घात केला. भारतीय ग्राहक एकवेळ गाडीचा वेग माफ करतो, पेट्रोलचा हिशेब माफ करत नाही.

त्यानंतर टाटा मोटर्सशी हातमिळवणी झाली. २००६ पासून फियाटच्या गाड्या टाटांच्या दालनांतून विकल्या जाऊ लागल्या आणि पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे दोन्ही कंपन्यांच्या भागीदारीतील कारखाना उभा राहिला. २००९ च्या जानेवारीत लिनिया ही सेडान आणि जूनमध्ये ग्रँड पुंटो ही छोटी गाडी तेथून बाहेर पडली. पुंटोचा आराखडा इटलीतील ज्युजारो यांच्या संस्थेचा. युरोपात ती २००५ पासूनच विकली जात होती. भारतात ती दिसायला सर्वांना आवडली. पण घेताना मात्र अनेकांनी स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीकडे पावले वळवली. २०१२ मध्ये विक्रीची व्यवस्था टाटांपासून वेगळी करण्याचा निर्णय झाला, फियाटने स्वतःची दालने उघडली, २०१४ मध्ये पुंटो इव्हो आणली. २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १४५ अश्वशक्ती, तीही दहा लाख रुपयांच्या आत. हौशी चालकांच्या दृष्टीने ती पर्वणी होती. परंतु हौशी चालकांच्या संख्येवर कारखाने चालत नसतात.

सर्वांच्या बॉनेटखाली एकच इंजिन

फियाटचे अपयश सांगताना एक गोष्ट मात्र विसरता येणार नाही. तिच्या गाड्या फारशा खपल्या नाहीत, पण तिचे इंजिन देशभर खपले. १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन युरोपात २००३ मध्ये आले. भारतात ते फियाटच्या गाड्यांत तर होतेच. शिवाय मारुतीने ते ‘डीडीआयएस’ नावाने स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा अशा गाड्यांत बसवले, टाटांनी ‘क्वाड्राजेट’ म्हणून व्हिस्टा, मान्झा, झेस्टमध्ये वापरले आणि शेव्हरोलेने सेलमध्ये. काही इंजिने मानेसरला परवान्याने बनत, काही रांजणगावला. ‘भारताचे राष्ट्रीय इंजिन’ हे त्याला पडलेले टोपणनाव अतिशयोक्त म्हणता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि छोट्या डिझेल इंजिनाला त्या निकषांत बसवण्याचा खर्च परवडेनासा झाल्याने या इंजिनाचाही येथील प्रवास संपला.

कोथरूडच्या आपल्या तरुणाला याचा थेट फायदा होतो. त्याच्या गाडीचे इंजिन लाखो स्विफ्ट आणि डिझायरमध्ये असल्याने त्याची अंतर्गत झीज दुरुस्त करणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही मिळतो. मात्र येथेच पहिली चूकही घडते. ‘इंजिन तेच, मग पार्टही तेच’ असा निष्कर्ष काढून लोक स्विफ्टचा भाग आणतात आणि तो बसत नाही. इंजिनाचा गाभा एक असला तरी त्याला धरून ठेवणारे माउंटिंग, वायरिंग, धूर बाहेर नेणारी नळी, नियंत्रण करणारा संगणक हे सर्व प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. कोणता भाग चालतो आणि कोणता चालत नाही, हे ज्ञान कोणत्याही छापील पुस्तकात एकत्र मिळणार नाही. ते ज्यांनी पैसे घालवून शिकले, त्यांच्याकडेच असते. मालकांच्या समूहात शिरण्याचे खरे कारण हे.

पहिली भेट

या समूहांत प्रवेश कसा मिळतो? बहुतेक ठिकाणी वर्गणी नसते, असली तरी स्टिकर किंवा टी-शर्टपुरती. गाडीचे नोंदणीपत्र, एखादे छायाचित्र आणि थोडी ओळख एवढे पुरते. काही समूह मालकी तपासण्याबाबत काटेकोर असतात. त्यामागे कारण आहे. सुट्या भागांचा व्यापार करणारे दलाल मालक म्हणून शिरतात आणि टंचाईच्या मालाचा भाव वाढवतात, असा अनुभव अशा समूहांना येत असतो. फार थोडे समूह रीतसर संस्था म्हणून नोंदलेले असतात. बाकी सारा कारभार विश्वासावर.

पहिली भेट बहुधा रविवारी, सूर्य उगवायच्या सुमारास. पुण्यातून ताम्हिणी किंवा पानशेतच्या दिशेला, मुंबईतून माळशेज किंवा खालापूरकडे. एवढ्या पहाटे जमण्याचे कारण व्यावहारिक आहे. रस्ता मोकळा असतो आणि दहाच्या आत घरी परतता येते, त्यामुळे घरचा रविवार बुडत नाही. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेली गाडी, सर्वांत मागे अनुभवी चालकाची गाडी, मध्ये नवखे. मागच्या गाडीचे काम कोणी मागे राहू नये हे पाहण्याचे. तिच्या डिकीत दोर, हवेचा पंप, जंपर केबल आणि हत्यारांची पेटी असते. ओव्हरटेक करण्याची चढाओढ लावणाऱ्याला पुढच्या वेळी निरोप धाडला जात नाही. निदान चांगल्या समूहांत तरी.

न्याहारीच्या ठिकाणी गाड्या ओळीने लागतात. मिसळ येईपर्यंत बॉनेट उघडलेले असतात आणि मिसळ आल्यावरही अनेकांचे लक्ष तिकडेच असते. नव्या माणसाला तेथे नावाने कमी आणि गाडीच्या वर्णनाने अधिक ओळखले जाते. ‘लाल नव्वद अश्वशक्तीवाला’, ‘पांढरी लिनिया’, ‘ते पॅलिओवाले काका’. डॉक्टर, संगणक क्षेत्रातला नोकरदार, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि वडिलांची गाडी घेऊन आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी एकाच बॉनेटवर वाकलेले दिसतात. त्यांच्यात एरवी संवाद होण्याचे काही कारण नसते. स्त्रिया मात्र अजूनही थोड्याच दिसतात आणि ज्या येतात त्यांना ‘मिस्टरांची गाडी का’ हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. समूहाने स्वतःकडे पाहण्याची ही एक जागा आहे.

नव्या सदस्याला त्या सकाळी काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे त्याच्या गाडीचा कान. गाडी पाच-दहा मिनिटे चालवून जुना मालक सांगू शकतो की खड्ड्यातला खडखडाट शॉकअब्सॉर्बरचा नाही, लोअर आर्मच्या बुशचा आहे. हा फरक काही हजार रुपयांचा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे भरवशाच्या मेकॅनिकचा पत्ता. पूर्वी अधिकृत सर्व्हिस केंद्रात काम करून आता स्वतःचे गॅरेज चालवणारे कारागीर या मंडळींना मोलाचे वाटतात.

तिसरी गोष्ट जरा तांत्रिक आहे. बाजारात मिळणारा साधा स्कॅनर गाडीला जोडला तर तो इंजिनाचे ठरावीक दोष दाखवतो. पण एअरबॅग, एबीएस, काचा आणि दिव्यांचे नियंत्रण यांच्याशी त्याचा संवाद होत नाही. फियाटच्या गाड्यांसाठी जगभरचे मालक ‘मल्टिईसीयूस्कॅन’ नावाची संगणक प्रणाली वापरतात. लॅपटॉप आणि योग्य जोडणी असली की जे काम पूर्वी केवळ कंपनीच्या केंद्रात होत असे, त्यातले पुष्कळसे घरच्या पार्किंगमध्ये होते. उदाहरणार्थ, या गाड्यांत एखादा नियंत्रक भाग बदलला आणि त्याची इतर भागांशी ओळख करून दिली नाही, तर किलोमीटर दाखवणारे आकडे लुकलुकत राहतात. दोष काहीच नसतो, फक्त गाडीतल्या संगणकांची आपसात ओळखपरेड व्हायची राहिलेली असते. हे माहीत नसलेला मेकॅनिक त्यासाठी अख्खा मीटर बदलायला सांगू शकतो. समूहातील एखाद्याजवळ ही प्रणाली असते आणि तो चहाच्या मोबदल्यात ते काम करून देतो.

बंपर कोठून आणायचा?

कंपनीने विक्री थांबवली म्हणजे सेवा लगेच बंद झाली असे नाही. रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनू लागली होती आणि फियाटची विक्री थांबल्यावरही तिच्या गाड्यांची देखभाल जीपच्या सेवाजाळ्यातून सुरू ठेवण्यात आली. पुढे २०२१ मध्ये मूळ कंपनीचे विलीनीकरण होऊन स्टेलांटिस हा नवा समूह अस्तित्वात आला. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड यांची चिंता त्यामुळे फारशी नसते. खरी अडचण येते ती अशा भागांची, जे फक्त याच गाडीला लागतात आणि क्वचितच लागतात: हेडलाइट, बंपर, पुढची काच, दाराच्या आतले पॅनेल, डॅशबोर्डवरचा एखादा प्लास्टिकचा तुकडा.

याचे कारण साच्यात आहे. बंपर किंवा दिव्याचे आवरण बनवायला जड आणि महाग साचा लागतो. गाडीचे उत्पादन चालू असते तोवर तो साचा रोज चालतो. उत्पादन थांबले की पुरवठादार काही साठा बनवून ठेवतो आणि साचा बाजूला सरकवतो. पुढे दोन-चारशे नगांसाठी तो पुन्हा यंत्रावर चढवणे त्याला परवडत नाही. ब्रेक पॅडचे तसे नाही. ते दुसऱ्या गाड्यांच्या ब्रेक पॅडबरोबर त्याच कारखान्यात बनत राहतात. म्हणून जुन्या पुंटोला धडकेची भीती इंजिन बिघडण्यापेक्षा जास्त. किरकोळ अपघातात हेडलाइट, बंपर आणि रेडिएटरची जाळी गेली, तर दुरुस्तीचा खर्च विम्यात दाखवलेल्या गाडीच्या किमतीला गाठू लागतो आणि विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ ठरवू शकते. गाडी तर चालण्याजोगी असते, पण कागदावर ती संपलेली असते.

मालकांच्या समूहाने यावर काढलेले उपाय वेगवेगळे आहेत. अपघातात निकामी झालेली किंवा भंगारात निघालेली गाडी चार-पाच जण मिळून विकत घेतात आणि तिचे भाग वाटून घेतात. एकाला दार, एकाला गिअरबॉक्स, एकाला मागची काच. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात छोट्या कार्यशाळांची कमतरता नाही. लेथवर बुश करून घेणे, रबराचा साचा काढून माउंटिंग नव्याने भरून घेणे ही कामे तेथे होतात. जुन्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. ज्या कुर्ल्यात फियाट बनत होती, तेथेच तिचे अवशेष शोधायला लोक जातात.

मूळ पुरवठादाराचा माग काढणे हा आणखी एक उपाय. गाडीवर कंपनीचे नाव असले तरी क्लच, अल्टरनेटर, इंजेक्टर, शॉकअब्सॉर्बर हे भाग बनवणारे कारखाने वेगळेच असतात. तोच भाग कंपनीच्या खोक्यात महाग आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात स्वस्त मिळतो. त्यासाठी भागाचा अचूक क्रमांक माहीत असावा लागतो. एकाच वर्षीच्या दोन पुंटोंतही तो बदललेला असू शकतो, म्हणून अनुभवी मंडळी भाग मागवण्याआधी चॅसी क्रमांक विचारतात. पुंटो ब्राझीलमध्येही बनत होती आणि लिनियाचा मुख्य कारखाना तुर्कस्तानात होता. त्यामुळे तेथील विक्रेत्यांकडून एकत्रित मागणी नोंदवून माल आणण्याचेही प्रयत्न होतात. एकट्याने मागवला तर वाहतूक आणि सीमाशुल्कच मूळ किमतीपेक्षा जड होते. दहा जणांनी मिळून मागवला तर ओझे विभागले जाते.

अर्थात, जेथे टंचाई तेथे फसवणूकही. आगाऊ पैसे घेऊन नाहीसे होणारे विक्रेते, जुना भाग रंगवून नवा म्हणून देणारे, एकाच हेडलाइटसाठी तीन जणांकडून पैसे घेणारे अशा तक्रारी या जगात नव्या नाहीत. समूहातील ओळखीवर भिस्त ठेवून पावती न घेणे हे मनमोकळेपणाचे लक्षण मानले जाते. पण व्यवहार बिघडल्यावर ग्राहक मंचाकडे जायचे तर पावतीच लागते. मैत्री आणि मालखरेदी यांत अंतर राखणारे समूह जास्त काळ टिकतात.

अभिमान आणि अंधश्रद्धा

अशा समूहात गाडीवरचे प्रेम हळूहळू श्रद्धेकडे झुकते. पुंटोबद्दल बोलताना ‘पत्रा कसा दणकट, दार लावल्यावर आवाज ऐका’ हे वाक्य हटकून कानी पडते. गाडी चालवायला उत्तम आहे, यात वाद नाही. तिचे हायड्रॉलिक स्टिअरिंग जड पण रस्त्याची खबर हाताला देणारे. वेग वाढला की गाडी डगमगण्याऐवजी रस्त्याला धरून बसते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत वीजेवर चालणारे हलके स्टिअरिंग असते, त्यामुळे जुन्या चालकांना ही जाणीव हरवल्यासारखी वाटते. पण दाराचा आवाज म्हणजे सुरक्षितता नव्हे. २००५ मध्ये युरो एनकॅपच्या चाचणीत ग्रँड पुंटोला पाच तारे मिळाले होते, हे अभिमानाने सांगितले जाते. त्याच संस्थेने २०१७ मध्ये पुंटोची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा बदललेल्या कठोर निकषांवर तिला एकही तारा मिळाला नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. शिवाय भारतात २००९ साली आलेल्या पुंटोच्या खालच्या श्रेणींत एअरबॅग आणि एबीएस नव्हते. जुनी गाडी घेणाऱ्याने दाराचा आवाज ऐकण्याआधी श्रेणी तपासलेली बरी.

दुसरा मोह फेरफारांचा. इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून शक्ती वाढवणे, सायलेन्सर बदलणे, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे. टर्बो इंजिनात थोड्या बदलाने बरीच शक्ती वाढते हे खरे आहे. परंतु तीच वाढ जुना क्लच आणि गिअरबॉक्स सोसत नाही हेही तितकेच खरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्याहून मोठा धोका विम्याचा. न कळवलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर दावा अडकू शकतो. नव्या सदस्याला शक्ती वाढवण्याचे सल्ले भरपूर मिळतात, विम्याचा सल्ला मिळतोच असे नाही.

पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर

२००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या पुंटोंची पंधरा वर्षे २०२४ मध्ये भरली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार रुपये झाले; त्याआधी ते सहाशे रुपये होते. वीस वर्षे ओलांडलेल्या मोटारींसाठी ते २०२५ मध्ये दहा हजारांवर नेण्यात आले. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत अर्ज करायचा, पीयूसी आणि विमा चालू ठेवायचा, गाडी तपासणीसाठी न्यायची. आरटीओतील निरीक्षक गाडीवरील प्रेम पाहत नाही. तो ब्रेक, दिवे, चॅसी क्रमांक आणि धूर पाहतो. त्यामुळे पावसाळ्याआधी एकत्र जमून गंजलेला चॅसी क्रमांक साफ करणे, दिव्यांची आवरणे घासून उजळवणे ही कामे आता हौसेपेक्षा पासिंगसाठी अधिक होऊ लागली आहेत.

पेट्रोल गाड्यांच्या मालकांपुढे इथेनॉलचा प्रश्न आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले आणि २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. मायलेज काही प्रमाणात घटते आणि काही जुन्या गाड्यांतील रबरी भाग व गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही २०२५ मध्ये मान्य केले; हे काम स्वस्त आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होणारे आहे, असे सरकारचे म्हणणे. नेहमीची गाडी असेल तर ते पटण्यासारखे आहे. ज्या गाडीची इंधनाची नळीच शोधावी लागते, तिच्या मालकाला त्यात शोधण्याचा वेळही मोजावा लागतो.

गाडी सोडायची कधी, हाही प्रश्न या मंडळींत मोकळेपणाने चर्चिला जाऊ लागला आहे. चॅसी गंजली असेल, एअरबॅगचा दोष सुटत नसेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी जमा करून मिळणारे प्रमाणपत्र नव्या गाडीच्या करात सवलतीसाठी वापरता येते. खासगी गाडीसाठी ती २५ टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा केंद्राच्या नियमांत आहे. पण रीतसर भंगारात दिलेली गाडी पूर्ण जमा करावी लागते. तिचे दिवे नि दारे मित्रांसाठी काढून घेता येत नाहीत. मालकांच्या दृष्टीने हा चमत्कारिक पेच आहे. करातील सवलत घ्यायची, की दुसऱ्या पाच गाड्या जगतील एवढा माल त्यांच्या हाती द्यायचा आणि नोंदणी रद्द करण्याची कटकट वेगळी सोसायची?

हा पेच इटलीत निराळ्या तऱ्हेने सुटला. तेथील जुनी छोटी फियाट ५०० जपणाऱ्यांचा क्लब १९८४ पासून लिगुरियातील गार्लेंदा या लहानशा गावात आहे. दर जुलैत तेथे देशोदेशीच्या मालकांचा मेळावा भरतो. ती गाडी आजही दुरुस्त होते, कारण तिच्या संख्येमुळे तिचे भाग पुन्हा बनवणे व्यापाऱ्यांना परवडते. आपल्याकडे पद्मिनीच्या वाट्याला ते थोडेफार आले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र हौशी मालकांकडे आजही चालू आहेत. तिच्या बॉनेटखाली संगणक नाही, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले की काम होते.

पुंटोचे तसे नाही. तिची किल्ली हरवली तरी गाडीबरोबर आलेले कोड कार्ड शोधावे लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती येईपर्यंत ते कार्ड बहुधा गहाळ झालेले असते. म्हणूनच कोथरूडच्या त्या तरुणाला पहिल्या भेटीत विचारला जाणारा पहिला प्रश्न मायलेजचा किंवा किमतीचा नसतो. आरसी बुक, दुसरी किल्ली आणि कोड कार्ड या तीन वस्तू आधीच्या मालकाकडून घेतल्या का, एवढेच विचारले जाते. घेतल्या नसतील, तर मिसळ संपायच्या आत त्याला त्या मालकाला फोन लावायला सांगितले जाते.